‘१.२०’ म्हणजे नेमकं किती?

पत्र

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडच्या भागात एका शेतकरी उत्पादक कंपनीत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. शिक्षण बी.ए. आणि एमएस-सीआयटी. आमच्याच तेवीस गावांत पाणलोटाचं काम करणारी एक संस्था आहे आणि बचतगटांचा प्रभागसंघही, म्हणजे भागातल्या गटांचा मिळून झालेला संघही आहे. तिघांना निधी देणारे एकच. त्यांनी आता सांगितलंय की तिघांची माहिती एका ठिकाणी आणा, तिची नीट कागदपत्रं ठेवा आणि सगळं ‘फेअर’ तत्त्वांप्रमाणे, म्हणजे माहिती नीट ठेवण्याच्या त्यांच्या नियमांप्रमाणे असू द्या. आमच्याकडे सभासदांच्या एक्सेल फाइली आहेत, पाणलोटवाल्यांकडे विहिरींच्या आणि पावसाच्या नोंदी, प्रभागसंघाकडे गटांची आणि कर्जाची रजिस्टरं. माझ्याआधीचा ऑपरेटर काम सोडून गेला. अर्ध्या फाइली त्याच्या खासगी जीमेलवर आहेत. ज्या मिळाल्या त्यांत कॉलमांची नावं ‘क्षेत्र १’, ‘क्षेत्र नवीन’ आणि ‘के’ अशी आहेत. ‘के’ म्हणजे काय, ते ऑफिसात कुणालाच सांगता येत नाही. नागपूरच्या एका कंपनीने सॉफ्टवेअरचं कोटेशन दिलंय आणि आमच्या संचालकांना ते पसंत आहे. प्रभागसंघाच्या ताई मात्र म्हणतात, आमच्या बायांच्या कर्जाची माहिती आम्ही देणार नाही. मला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं. सुरुवात कुठून करू? आणि उद्या माझं लग्न होऊन मी दुसरीकडे गेले, तर हे सगळं पुन्हा असंच पडेल का?

— एक ऑपरेटर, ता. केळापूर

उत्तर

ताई, ते कोटेशन संचालकांच्या टेबलावर राहू द्या. फाडू नका, पण सहीही होऊ देऊ नका. त्याच्याकडे शेवटी येऊ.

मला जास्त खटकला तो ‘के’ नावाचा कॉलम. त्यातले आकडे कदाचित अगदी बरोबर असतील. कुणीतरी वावरात जाऊन, शेतकऱ्याला विचारून, रात्री लाईट आल्यावर बसून ते टाइप केले असतील. पण ‘के’चा अर्थ एकाच माणसाच्या डोक्यात राहिला आणि तो माणूस गेला. महागडं सॉफ्टवेअर असतं तरी हेच झालं असतं, फक्त ‘के’ जरा सुबक अक्षरात दिसला असता. म्हणून आज पहिलं काम एकच करा. त्या जुन्या ऑपरेटरला फोन लावा. उणंदुणं काढू नका. ‘दादा, अर्धा तास द्या’ म्हणा, एकेक फाइल उघडा आणि कोणता कॉलम काय आहे ते विचारून वहीत लिहून घ्या. त्याच्या खात्यावरच्या फाइली ऑफिसच्या खात्यावर घ्या. त्याला अजून आठवतंय तोवरच हे होईल.

आता तुमच्या तीन संस्थांकडे वळू. समजा, तुमच्या यादीत एका सभासदापुढे क्षेत्र १.२० आहे आणि पाणलोटवाल्यांच्या यादीतही त्याच माणसापुढे १.२० आहे. जुळलं म्हणून तुम्ही सुटकेचा श्वास सोडाल. पण सातबाऱ्यावरून उतरवलेलं १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळपास तीन एकर. शेतकऱ्याने तोंडी सांगितलेलं आणि पोराने फॉर्मवर लिहिलेलं १.२० म्हणजे एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. त्या वावरात नऊ क्विंटल सोयाबीन झालं असेल, तर एका हिशेबाने एकरी तीन क्विंटलची झडती (उतारा) पडते आणि दुसऱ्याने सहाची. पहिला आकडा बघून कृषी सहायक विचारेल की पिवळा मोझॅक आला होता का. दुसरा बघून तुमचे संचालक त्या शेतकऱ्याचा सत्कार ठेवतील. वावर तेच, माणूस तोच, नोंदही कुणाची खोटी नाही.

यात एक्सेलची भर पडते. १.२० टाकलं की ते शेवटचं शून्य गाळून १.२ दाखवतं. मग पुढच्या माणसाला कळत नाही की हे एक एकर दोन गुंठे आहे, वीस गुंठे आहे, की हेक्टरचे दशांश. म्हणून क्षेत्र सगळीकडे एकाच एककात ठेवा. मी हेक्टर सुचवेन, कारण सातबारा, ई-पीक पाहणी, पीकविमा सगळं त्यातच चालतं. शेतकऱ्याशी बोलताना एकर खुशाल विचारा, पण एकर आणि गुंठे दोन वेगळ्या रकान्यांत घ्या आणि हेक्टर सूत्राने काढा. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर आणि एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, एवढं सूत्राला पुरतं.

तुमच्या निधीवाल्यांना कागदपत्रं हवी आहेत ना, ती इथूनच सुरू होतात. प्रत्येक कॉलमसाठी चार-पाच ओळी लिहायच्या. त्या वेगळ्या शीटवर, पण त्याच फाइलमध्ये ठेवायच्या, कारण वेगळी ठेवलेली माहितीपुस्तिका माहितीच्या आधी हरवते. क्षेत्राच्या कॉलमची नोंद साधारण अशी होईल: ‘पेरलेलं क्षेत्र. या हंगामात प्रत्यक्ष पेरलेली जमीन, हेक्टरमध्ये, दोन दशांशांपर्यंत. सातबाऱ्यावरचं मालकीचं क्षेत्र नव्हे. ठेक्याने किंवा बटईने केलेलं वावर धरायचं, दुसऱ्याला दिलेलं धरायचं नाही. पऱ्हाटीत तुरीच्या ओळी असतील तर सगळं क्षेत्र कपाशीच्या नावावर आणि तूर आंतरपीक म्हणून वेगळ्या रकान्यात. माहिती शेतकऱ्याने तोंडी दिलेली, मोजणी केलेली नाही. नियम तिन्ही संस्थांनी मिळून ठरवला, अमुक तारखेला.’ शेवटच्या दोन वाक्यांना कंटाळा करू नका. दोन वर्षांनी कुणी विचारेल की तुमचा आकडा पटवाऱ्याच्या आकड्याशी का जुळत नाही. उत्तर तिथेच लिहिलेलं असेल.

हे लिहायला बसलात की तिघांमध्ये वाद होतील. होऊ द्या. आंतरपिकाचं क्षेत्र कसं धरायचं यावर तर दुपार जाईल. ते वाद आज झाले नाहीत, तर अहवालाच्या आदल्या रात्री होतात.

‘वर्ष’ हा कॉलम असाच फसवा आहे. तुमच्या हिशेबनिसाचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, महसूल खात्याचं १ ऑगस्टला आणि कापसाच्या व्यापाराचं १ ऑक्टोबरला. जूनमध्ये लावलेली कपाशी दिवाळीच्या आसपास वेचायला येते आणि भाव बघत घरात ठेवलेला माल फेब्रुवारीत जिनिंगवर जातो. मग तो कापूस कोणत्या सालचा? पेरणीचा हंगाम लिहा, ‘खरीप २०२४’ असा, आणि विक्रीची पूर्ण तारीख वेगळी ठेवा. तारखेत वर्ष, महिना, दिवस असा क्रम धरा. नाहीतर ३/७ म्हणजे तीन जुलै की सात मार्च, हे ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगवर ठरतं.

पाणलोटवाल्यांना पावसाबद्दल दोन गोष्टी विचारा. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही, या दोन्हींसाठी ते काय लिहितात? बहुतेक ठिकाणी दोन्हीकडे शून्य किंवा दोन्हीकडे कोरी जागा सापडते. पडला नाही तर शून्य, मोजला नाही तर कोरं आणि शेजारी कारण. दुसरं, रविवारी मोजणाऱ्याला सुट्टी असेल तर सोमवारच्या आकड्यात दोन दिवसांचा पाऊस येतो. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठपासून दुसऱ्या सकाळी साडेआठपर्यंतचा. आपल्याकडे चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी. झडीच्या दिवसांत दोन दिवसांचे मिळून सत्तर मिलिमीटर एका खान्यात पडले, तर तुमच्या कागदावर अतिवृष्टी झाली. त्या कागदावर उद्या कुणी नुकसानभरपाईचा अर्ज केला, तर अडचणीत तुम्ही याल.

विहिरीचं पाणी जमिनीपासून मोजलं की कठड्यापासून, तेही लिहून ठेवा. तीन फुटांचा कठडा असेल तर सगळी पातळी तीन फुटांनी हलते आणि ‘जलसंधारणाने पाणी वाढलं’ हा अहवाल निव्वळ गवंड्याच्या कामावर उभा राहतो. प्रत्येक विहिरीच्या कठड्याची उंची एकदाच मोजून ठेवली की जुन्या नोंदीही दुरुस्त करता येतात. शक्य असेल तर जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर हे महिने सोडू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी त्याच महिन्यांत मोजते. मग तुमचे आकडे सरकारी आकड्यांशेजारी ठेवता येतील.

अर्थ ठरले तरी तीन याद्या एकमेकींना जोडायला दोन खुंट्या लागतात, गाव आणि घर. तुमच्या भागात गाव ही सोपी गोष्ट नाही. सावरगाव, पिंपळगाव, वडगाव ही नावं तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यात खुर्द-बुद्रुक आलं, एका गट ग्रामपंचायतीत तीन-चार गावं आली. कोलाम आदिवासींचे पोड म्हणजे पाडे आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. तिथे माणसं राहतात, पण कागदावर ते शेजारच्या मोठ्या गावात मोडतात. उलट, रिठी गावं आहेत. त्यांना महसुली नकाशा आहे, सर्वे नंबर आहेत, पण चूल एकही पेटत नाही. तिथली वावरं दुसऱ्या गावचे लोक वाहतात. म्हणून ‘गाव’ नावाचा एकच कॉलम ठेवूच नका. राहण्याचं गाव वेगळं आणि जमिनीचा मौजा वेगळा. तुमच्या याद्या आजवर जुळल्या नसतील, तर मला वाटतं त्याचं मोठं कारण इथे सापडेल: बचतगटाची यादी घरावर चालते आणि सातबारा जमिनीवर.

२०११ च्या जनगणनेने प्रत्येक महसुली गावाला सहा अंकी क्रमांक दिला आहे. तोच वापरा, स्वतःचा नवा काढू नका. पोड आणि तांड्यांना मात्र तुम्हीच क्रमांक द्या आणि शेजारी ते कोणत्या महसुली गावात येतात ते लिहा. त्यांना मोठ्या गावात मिसळून टाकायचा मोह आवरा. पोडावर रस्ता नाही, नळ नाही, हे सरासरीत बुडून जातं, आणि तुमच्या तिन्ही संस्थांनी काम करायचं ते तर तिथेच आहे. ही गावांची यादी एकच असेल, एकाच माणसाच्या ताब्यात असेल आणि तिन्ही संस्था तिच्यातूनच गाव निवडतील. कुणीही गावाचं नाव हाताने टाइप करणार नाही.

घराचं प्रकरण याहून नाजूक आहे. तुमच्या कंपनीत सभासद नवरा आहे, बचतगटात त्याची बायको आहे आणि विहीर अजून वारलेल्या सासऱ्याच्या नावावर आहे, कारण वारसाचा फेरफार झालेला नाही. तीन याद्यांत तीन नावं, पण अंगण एक. नावावरून जोडायला जाल तर फसाल. शेगावच्या महाराजांच्या कृपेने वऱ्हाडात गजानन किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या वडिलांचं नाव महादेव निघतं. आडनाव कधी आधी येतं, कधी नंतर. सुनंदा कधी सुनंदाबाई होते.

प्रत्येक घराला एक साधा अनुक्रमांक द्या आणि घरातल्या प्रत्येक माणसाला त्याखाली एक. क्रमांकात काहीही कोंबू नका. गाव नको, जात नको, वर्ष नको. गाव चुकलं म्हणून दुरुस्त केलं तर क्रमांक बदलावा लागता कामा नये. घर फुटलं, भाऊ वेगळे झाले, तर नव्या चुलीला नवा क्रमांक द्या आणि जुनं कोणतं होतं ते लिहा. सरकार आता शेतकरी ओळख क्रमांक देतंय. तो मिळाला तर वेगळ्या रकान्यात घ्या, पण सगळी जोडणी त्याच्यावर उभी करू नका. तो जमिनीच्या नोंदीवरून मिळतो. ठेक्याने करणाऱ्या माणसाच्या नावे सातबाराच नाही आणि घरच्या बाईचं नावही बहुतेक वेळा त्यावर नसतं. त्या क्रमांकावर व्यवस्था बांधलीत तर हीच माणसं पहिल्याच दिवशी बाहेर राहतील.

ही जुळवणी कॉम्प्युटरवर होत नाही. तिन्ही संस्थांचे गावातले कार्यकर्ते एका सतरंजीवर बसवा, तिन्ही याद्या छापून समोर ठेवा आणि वाचत जा. ‘हा म्हणजे त्या किराणावाल्याचा जावई’ असं कुणीतरी म्हणतं आणि दोन ओळी एक होतात. तेवीस गावं एकदम घेऊ नका. तीन घ्या: एक रस्त्यावरचं मोठं, एक पोड, एक रिठाला लागून असलेलं. पोळ्याच्या आसपास निंदण-डवरणी उरकली की माणसं घरी भेटतात. वेचणी सुरू झाल्यावर कुणी तुमच्यासाठी बसणार नाही.

फाइलींच्या रचनेबद्दल एवढंच सांगतो की एका ओळीत एकच गोष्ट ठेवा. तुमच्या सभासद यादीत ‘पहिला वेचा’, ‘दुसरा वेचा’, ‘तिसरा वेचा’ असे कॉलम असतील, तर चौथ्या वेच्याला नवा कॉलम काढावा लागतो आणि दोनच वेचे झालेल्या माणसापुढे भोकं पडतात. घरांची यादी वेगळी करा, विक्रीची वेगळी. विक्रीच्या यादीत काट्यावरची प्रत्येक पावती एक ओळ, आणि त्या ओळीत घराचा क्रमांक. एका घराच्या सहा ओळी झाल्या तरी हरकत नाही. वजन किलोत किंवा क्विंटलमध्ये घ्या, पोत्यांत नको. खान्याला रंग देऊन अर्थ सांगायची सवय मोडा. पिवळी ओळ म्हणजे चुकारा (मालाचे पैसे) बाकी, हे पुढच्या ऑपरेटरला स्वप्नात दिसणार नाही.

एक्सेलच्या खोड्या तुम्ही रोज बघत असाल. सर्वे नंबर ५/२ टाकला की त्याची तारीख होते. ही आपली एकट्यांची अडचण नाही. मानवी जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली, कारण ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशा खुणांच्या एक्सेल तारखा करत होतं आणि शोधनिबंधांत चुका उतरत होत्या. आपल्याला सर्वे नंबर बदलता येत नाहीत. तेव्हा तो कॉलम आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. खाते क्रमांक, मोबाइल, सुरुवातीला शून्य असलेलं काहीही याच प्रकारात धरा. देवनागरी आकडे टाकले तर एक्सेल त्यांची बेरीज करेलच असं नाही, म्हणून मोजायचे आकडे इंग्रजीत टाका. जुन्या फाइली कृतिदेव किंवा तसल्या फाँटात असतील, तर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. ऱ्य, र्‍ह आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, बदलताना तीच फुटतात. गावात फॉर्म भरायला कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके यांपैकी एक घ्या. फोनवर रेंज नसतानाही चालतात, मराठी प्रश्न घालता येतात आणि गाव यादीतून निवडावं लागतं. पोडावर गेलेल्या पोराला याहून जास्त काही लागत नाही.

ठेवायचं कुठे? सध्या एक गुगल ड्राइव्ह पुरे, पण ते कुणाच्या नावाचं नको. तिन्ही संस्थांनी मिळून एक खातं काढा आणि त्याला ऑफिसचं सिम जोडा, कारण ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, खातं खरं तर त्याचं असतं. पासवर्ड बंद पाकिटात, कपाटात. दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर गुगल खासगी खातं बंद करू शकतं, हेही ध्यानात असू द्या. आत तीन फोल्डर करा. ‘मूळ’मध्ये गावातून आलेलं जसंच्या तसं राहील, चुकांसह, आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. ‘कामाचं’मध्ये दुरुस्त केलेलं. ‘बाहेर द्यायचं’मध्ये अहवालासाठी काढलेलं, नावं वगळून. दुरुस्ती केली की एका शीटवर एक ओळ लिहा: तारीख, कोणी, काय बदललं, का. ‘सातबारा बघून क्षेत्र दुरुस्त’ एवढंही चालतं. आठवड्याला एक प्रत ऑफिसातल्या हार्ड डिस्कवर घ्या आणि महिन्याला एक दुसऱ्या गावातल्या ऑफिसात पाठवा. वीज पडून कॉम्प्युटर जळायला आपल्याकडे एक मृगाची रात्र पुरते.

आता प्रभागसंघाच्या ताईंकडे येऊ. त्यांचं बरोबर आहे, आणि हे तुम्ही संचालकांसमोर त्यांच्या बाजूने बोलावं असं मला वाटतं. एका बाईने गटातून कर्ज कशासाठी काढलं, हप्ता कधी चुकला, घरी सावकाराचं काय देणं आहे, हे तिने दहा बायकांच्या भरवशावर सांगितलेलं असतं. तीच माहिती कंपनीच्या ऑफिसात तिच्या नवऱ्याच्या नावाशेजारी आली, तर माल घेताना कुणीतरी बोलून जाईल. एकदा तसं झालं की पुढच्या बैठकीत कुणी खरं सांगणार नाही, आणि मग तुमच्या एकत्र माहितीत खोटं भरलं जाईल.

एकत्र करायचं म्हणजे सगळं ओतून मिसळायचं नसतं. प्रत्येकाने विचारायचं, दुसऱ्याला माझ्याकडचं नेमकं काय लागतं? कंपनीला एवढंच कळायला हवं की या घरात गटाची सभासद आहे का, म्हणजे बियाणं वाटप किंवा प्रशिक्षण ठरवता येईल. त्यासाठी हो-नाहीचा एक रकाना पुरतो. कर्जाची रजिस्टरं प्रभागसंघाच्या कपाटात राहू द्या. निधीवाल्यांना एकूण कर्जवाटप हवं असेल, तर ते प्रभागसंघाने स्वतः बेरीज करून गावनिहाय द्यावं. आणि पोडावर गटातली तीनच घरं असतील तर त्या पोडाची बेरीजही देऊ नका, तिघींची बेरीज म्हणजे जवळपास तिघींची नावंच. पाचपेक्षा कमी घरं असतील तर शेजारच्या गावात मिळवून द्यायची, असा नियम लिहून ठेवा. पोडाची ओळख पुसायची नाही असं मी वर म्हटलं, ते आतल्या यादीसाठी. बाहेर जाणाऱ्या कागदाला हा नियम.

आधार आणि बँक खाते क्रमांक तर एकत्र माहितीत आणूच नका. चुकाऱ्यासाठी कंपनीला खाते क्रमांक लागतो, तर तो कंपनीच्या हिशेबाच्या फाइलमध्ये राहील, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. कुठल्या कागदासाठी आधार घ्यावंच लागलं तर शेवटचे चार अंकच दिसणारी प्रत घ्या. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. माहिती कशासाठी घेतो ते माणसाला त्याच्या भाषेत सांगणं आणि त्याची संमती, हा त्याचा गाभा. तुमच्या फॉर्मच्या वरच तीन सोप्या वाक्यांत ते छापा आणि वाचून दाखवा. कोलामी बोलणाऱ्या म्हाताऱ्याला कोलामीत सांगा, तुमच्या कार्यकर्त्यांत बोलणारं कुणी असेलच.

हे सगळं बघणार कोण? तुम्ही, पण एकट्या नाही. तिन्ही संस्थांनी एकेक माणूस द्यावा आणि महिन्यातून एकदा बसावं. कॉलमचा अर्थ बदलायचा असेल, नवा कॉलम घालायचा असेल, तर त्या बैठकीतच. आणि तुमच्या नेमणूकपत्रात हे काम आणि त्याचा वेळ लिहून घ्या, आठवड्याला निदान एक पूर्ण सकाळ. लिहिलेलं नसेल तर ती सकाळ खताच्या बिलांत जाईल.

तुमच्या लग्नाच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. तुम्ही जाल तेव्हा जाल. आतापासून दर तीन महिन्यांनी एक प्रयोग करा. ज्या कुणाला या फाइलींची काही माहिती नाही, समजा प्रभागसंघाच्या लेखापाल ताई, त्यांना खुर्चीवर बसवा आणि एक प्रश्न द्या: ‘गेल्या खरिपात पोडांवरच्या किती घरांनी सोयाबीन पेरलं?’ तुम्ही शेजारी बसा, पण तोंड उघडू नका. त्या जिथे अडतील आणि तुमच्याकडे वळून बघतील, तिथे लिहायचं राहून गेलं आहे. लगेच लिहून टाका.

वर्षातून एकदा ही माहिती गावात वाचून दाखवा. महसूल खात्याचं चावडी वाचन तुम्ही पाहिलं असेल, सातबारा मोठ्याने वाचतात आणि लोक चुका सांगतात. विहिरींची पातळी, पाऊस, पेरा, गावाची झडती, हे सगळं वाचता येईल. माणसांची नावं आणि पैसे सोडून. ‘माझ्या विहिरीला मार्चात पाणी नव्हतंच’ असं कुणीतरी उठून म्हणेल, आणि तुमची एक नोंद दुरुस्त होईल. लोकांनाही कळेल की पोरं दरवर्षी येऊन विचारून जातात त्याचं पुढे काय होतं.

निधीवाल्यांच्या ‘फेअर’ला घाबरू नका. २०१६ मध्ये संशोधकांच्या एका गटाने मांडलेल्या त्या चार अपेक्षा आहेत: माहिती सापडावी, ठरलेल्या वाटेने मिळवता यावी, दुसऱ्या माहितीशी जोडता यावी, पुन्हा वापरता यावी. मिळवता यावी म्हणजे सगळ्यांना उघडी असावी असं त्यात कुठेही नाही. प्रभागसंघाच्या बाजूने बोलताना हे वाक्य उपयोगी पडेल. गावांची एक यादी, घरांचे क्रमांक आणि कॉलमांचे अर्थ लिहिलेली शीट तीन गावांपुरती दाखवलीत, तरी त्यांना मागितलेल्यापैकी बरंचसं मिळालेलं असेल.

आता कोटेशन. तीन गावांचं काम उभं राहिल्यावर संचालकांना म्हणा, बोलवा त्या कंपनीला. तिला ही तीन गावांची माहिती आणि कॉलमांची शीट द्या, नावं काढून, आणि तिच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवून दाखवायला सांगा. घर आणि जमीन वेगवेगळ्या गावांत असलेलं प्रकरण त्यात बसतं का ते बघा. पोडाला क्रमांक देता येतो का? एका घराच्या सहा पावत्या नीट येतात का? मग विचारा: आमची सगळी माहिती आम्हाला हवी तेव्हा साध्या सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे कुठेही उघडणाऱ्या साध्या तक्त्यात, बाहेर काढता येईल का, तुमचा माणूस न बोलावता? दुसऱ्या वर्षापासून वर्षाला किती? तुमची कंपनी बंद पडली तर आमची माहिती कुठे राहील आणि कुणाच्या मालकीची? रेंज नसताना चालतं का? उत्तरं लेखी मागा. आणि काहीच विकत घ्यायचं नाही असं ठरलं, तर माहिती खरंच वाढून ड्राइव्हच्या फाइली जड होतील आणि चार माणसं एकाच वेळी भरू लागतील, तेव्हा पोस्टग्रेएसक्यूएल नावाचं डेटाबेसचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं ते बसवून देतील. कॉलमांची शीट तयार असली की त्यांना फार विचारावं लागणार नाही.